नेमक्या पेशींवर नेम; भान मात्र क्षयाचे हवे

पुणे - मोठ्या आतड्यात व्रण निर्माण करणारा ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ आणि पचनमार्गाच्या कोणत्याही भागात उद्भवणारा ‘क्रोन्स’ या दोन्ही विकारांत प्रतिकारशक्ती भरकटते. आतड्यातील निरुपद्रवी जंतूंवरही पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. यावर सरसकट प्रतिकारशक्ती दडपण्यापेक्षा नेमक्या पेशींना आवर घालण्याकडे संशोधनाचा कल वाढला आहे. क्षयरोगाचा मोठा भार वाहणाऱ्या भारतात या बदलाचे महत्त्व अधिकच आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) डॉ. गिरधारी लाल यांचा गट याच विषयावर काम करतो. या गटाचा शोधनिबंध २०१८ मध्ये ‘जर्नल ऑफ ऑटोइम्युनिटी’मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरातील ‘नियामक टी पेशी’ दाह शमविण्याचे काम करतात. मात्र ‘सीसीआर ६’ या प्रथिनामार्फत मिळणाऱ्या संदेशामुळे आतड्याच्या दाहात त्यांची ही क्षमता खुंटते, असे उंदरांवरील या अभ्यासात आढळले. आग विझविणाऱ्यांचेच हात बांधले जावेत, तसा हा प्रकार आहे.

क्रोन्सवरील ‘इन्फ्लिक्सिमॅब’ या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ते दाह वाढविणारे ‘टीएनएफ’ हे प्रथिन रोखते; पण क्षयाच्या जंतूंना शरीरात कोंडून ठेवण्यासाठीही हेच प्रथिन लागते. परिणामी सुप्त क्षय उफाळून येण्याचा धोका २००१ मध्येच समोर आला. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे इतकी सारखी असतात, की अनुभवी डॉक्टरांचीही निदानात गफलत होऊ शकते. अशा वेळी चुकीचे औषध जिवावर बेतू शकते.

अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेले ‘वेडोलिझुमॅब’ आतड्याकडे निघालेल्या पेशींनाच वाटेत अडवते. उर्वरित शरीराची प्रतिकारशक्ती त्यामुळे बव्हंशी शाबूत राहते. किमतीचा अडसर मात्र कायम आहे. ‘झायडस कॅडिला’ने ‘अॅडालिमुमॅब’ची स्वस्त जैवसदृश आवृत्ती २०१४ च्या अखेरीस भारतात आणली, परंतु तेही ‘टीएनएफ’ रोखणारेच औषध आहे. स्वस्त पर्यायासोबत क्षयाची जोखीमही येते, ती अशी.

प्रयोगशाळेतील यश रुग्णांच्या बाबतीत उतरेलच, असेही नाही. दाहाला चिथावणारा ‘आयएल १७’ हा घटक रोखला, तर क्रोन्स आटोक्यात येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेक्युकिनुमॅब’च्या चाचणीत औषध निष्प्रभ ठरले आणि दुष्परिणाम वाढले. एकच घटक एका ठिकाणी घातक, तर दुसरीकडे संरक्षक ठरू शकतो, हा त्याचा धडा.

म्हणूनच पुण्यातील निष्कर्षांपासून औषधापर्यंतचा पल्ला लांबचा आहे. तो गाठताना मानवी चाचण्या भारतीय रुग्णांवर आणि क्षयाची जोखीम गृहीत धरूनच व्हायला हव्यात. तोवर उपचारांपूर्वी सुप्त क्षयाची काटेकोर तपासणी, हेच रुग्णांचे खरे संरक्षण आहे.