वेगवान राउटर, भाबडी रचना

मार्च 2024 मध्ये तत्कालीन दूरसंचारमंत्री अश्विनी वैष्णव यांनी बंगळुरूत देशी बनावटीच्या राउटरचे अनावरण केले, तेव्हा कौतुक झाले ते त्याच्या सेकंदाला 2.4 टेराबिट या क्षमतेचे. ते स्वाभाविकही होते. इंटरनेटच्या मुख्य वाहिन्यांवर बसणारी ही यंत्रे सिस्को, नोकिया, ह्वावे अशा मोजक्या कंपन्याच बनवतात. त्यांतली ज्युनिपर जुलै 2025 मध्ये एचपीईच्या पंखाखाली गेली. या बाजारात भारताने पाय रोवायलाच हवेत. तथापि अलीकडे जी बडी जाळी कोलमडली, ती वेग कमी पडला म्हणून नव्हे.

कॅनडातील रॉजर्स कंपनीचे उदाहरण बोलके आहे. 8 जुलै 2022 च्या पहाटे जाळ्याच्या सुधारणेचा सहावा टप्पा राबवताना एका राउटरवरील गाळणी काढली गेली. इंटरनेटवरील मार्गांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. ती सारी माहिती लोंढ्यासारखी मध्यवर्ती राउटरांवर आदळली. त्यांची स्मृती आणि प्रक्रियाशक्ती संपली आणि काही मिनिटांत कोअर कोसळला. अतिभार रोखणारी मर्यादा या राउटरांवर घातलेलीच नव्हती. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहकांचे मोबाइल आणि इंटरनेट एकदमच गेले, कारण दोन्ही सेवा एकाच कोअरवर होत्या. दुकानांतील डेबिट कार्डे चालेनात, आपत्कालीन 911 क्रमांक अनेकांना लागेना. अभियंत्यांची तर पुरती कोंडी झाली. दुरुस्तीसाठी राउटरपर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच कोसळलेल्या जाळ्यातून जात होती! मूळ दोष सापडायलाच सुमारे 14 तास लागले. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले म्हणून कंपनीच्या संगणकीय पद्धतीने या कामाची जोखीम ‘अधिक’वरून ‘कमी’वर आणली होती, हे चौकशी अहवालात नमूद आहे.

ऑस्ट्रेलियात 8 नोव्हेंबर 2023 रोजी ऑप्टसचे नेमके उलटे झाले. तेथे मर्यादा होती. ती ओलांडली जाताच सुमारे 90 राउटरांनी स्वतःला जाळ्यापासून तोडून घेतले. यंत्रे नियमाप्रमाणे वागली. सगळी एकाच वेळी तशी वागली तर काय, याचा विचार कोणी केला नव्हता. अनेक ठिकाणी माणसे धाडून ती पुन्हा सुरू करावी लागली. मुख्याधिकारी केली बायर रोझमारिन यांनी त्याच महिन्यात पद सोडले.

भारतात बहुतांश मोबाइल ग्राहक दोन कंपन्यांकडे आहेत आणि भाजीवाल्याचे यूपीआयही त्याच जाळ्यांवर चालते. जून 2021 पासून दूरसंचार उपकरणे ‘विश्वासार्ह स्रोता’कडूनच घेण्याचे बंधन आहे. ते योग्यच, पण त्याचा रोख यंत्र कोणाचे यावर आहे, ते कसे मांडले यावर नाही. ट्रायच्या 2024 च्या नियमांत सेवा दीर्घकाळ बंद राहिल्यास ग्राहकाला भाड्यात सूट देण्याची तरतूद आहे, म्हणजे विचार घटनेनंतरचा. मोबाइल आणि घरगुती इंटरनेटचे कोअर वेगळे आहेत का, मुख्य जाळे पडले तरी अभियंत्यांना आत शिरण्याची स्वतंत्र वाट आहे का, हे सरकारने कंपन्यांना परवानाधारक म्हणून लेखी विचारायला हवे. कॅनडात सरकारने दट्ट्या लावल्यावर सप्टेंबर 2022 मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांनी संकटकाळी एकमेकांचे ग्राहक सांभाळण्याचा करार केला. रॉजर्सने कोअर वेगळे करण्याचा खर्च किमान 25 कोटी कॅनेडियन डॉलर सांगितला, तोही जाळे बंद पडल्यानंतर.