राणीच्या बागेत सांगणारं कुणी हवं

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला राणीच्या बागेत पालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं. ते दिवस भायखळ्याला नुसती जत्रा लोटते. फुलांचे प्राणी, फुलांच्या बाहुल्या, ओळीने मांडलेल्या कुंड्या, आणि प्रत्येक कुंडीपुढे मोबाइल उंच धरलेला कुणीतरी. मीही जाते. गुडघे कुरकुरतात, पण जाते.

मला प्रदर्शन आवडतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आमच्या घरचे म्हणतील की हिला चांगलं काही दिसतच नाही. पण ज्या झाडांच्या सावलीत हा सोहळा चाललेला असतो, त्या झाडांकडे मान वर करून बघणारा हजारात एखादाच. प्रदर्शन आटोपलं की कुंड्या टेम्पोत चढतात आणि जातात. झाडं तिथेच असतात. त्यांच्याविषयी दोन शब्द सांगणारं मात्र कुणी नसतं, ना त्या दिवसांत, ना नंतर.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की बागेत आता आणखी काही नवीन आणण्याआधी, जे आहे ते लोकांना समजावून सांगणारी माणसं उभी करा. निदान शनिवार-रविवार तरी. आणि ती माणसं आपल्यासारखी निवृत्त, बिनपगारी, पण नीट शिकवून तयार केलेली हवीत. हे मी घरी चहाच्या वेळी तीनदा बोलून पाहिलं. फारसं कुणी ऐकलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आपण 'राणीची बाग' म्हटलं की वाघ, हत्ती, माकडं डोळ्यांपुढे येतात. पण ही मुळात प्राण्यांची बाग नव्हेच. १८६२ साली ती उघडली ती व्हिक्टोरिया गार्डन म्हणून, झाडांसाठी. प्राणी मागाहून आले. डॉ. भाऊ दाजी लाड आणि बर्डवूडसाहेब या मंडळींनी खटपट केली, शेजारी संग्रहालय उभं राहिलं, तेच आता भाऊ दाजींच्या नावाने ओळखलं जातं. पुढे बागेला वीरमाता जिजाबाईंचं नाव मिळालं. पन्नासेक एकर जागा, तीन हजारांवर झाडं, त्यातली कितीतरी परदेशातून आणून लावलेली. मुंबईसारख्या शहरात, जिथे दोन इमारतींमध्ये हात घालायला जागा नाही, तिथे एवढं रान उरलंय हेच आश्चर्य.

मी गिरणगावातल्या शाळेत शिकवलं. सहलीला पैसे नसायचे, म्हणून आमची सहल ठरलेली. एक वर्ष राणीची बाग, एक वर्ष चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय. लालबागहून मुलं चालत बागेत यायची. डब्यात चपाती-भाजी, नाहीतर पोहे. माझा विषय मराठी, वनस्पतिशास्त्राचा आणि माझा संबंध नाही. पण मराठीच्या बाईला झाडं लागतातच हो! अशोकवनात सीता बसली होती तो अशोक कुठला, हे मुलांना विचारलं की सगळी एका सुरात शाळेच्या फाटकाशी उभं असलेलं ते उंच, सरळ, पताकांसारख्या पानांचं झाड सांगायची. तो अशोक नव्हेच, तो आसुपालव. खरा सीता अशोक बागेत दाखवायचा. केशरी-लाल फुलांचे गुच्छ जुन्या फांद्यांनाच लगडलेले. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त नायिकेच्या पायाच्या स्पर्शाने फुलतो तो हा, असं सांगितलं की मोठ्या वर्गातल्या मुली एकमेकींना ढोसायच्या आणि मुलगे उगाचच झाडाला लाथा मारून बघायचे.

कैलासपतीचंही तसंच. खोडातूनच फुटलेली ती फुलं, आत पिंडी आणि वर नागाचा फणा. लोक हात जोडतात. जोडोत बापडे. पण हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं आहे, हे सांगितलं की माणूस क्षणभर गप्प होतो, आणि मग पुन्हा एकदा वर बघतो. तो दुसऱ्यांदा वर बघण्याचा क्षण मला हवा असतो. शिक्षकाची सारी कमाई त्यात आहे. गोरखचिंचेचं ते हत्तीच्या अंगासारखं खोड, तिची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्याकडे येतात. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी, तिचे लाल-पिवळे झुंबरासारखे घोस. पाटीवरचं लॅटिन नाव वाचून यातलं काय कळणार?

आता पेंग्विन. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणले, तेव्हा किती वाद झाला आठवतंय ना? त्यातला एक काही महिन्यांतच दगावला. मग २०१७ साली लोकांसाठी दालन उघडलं, आणि त्याच वर्षी प्रवेश पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर गेला. वादात मी पडत नाही. गर्दी वाढली हे खरं, आणि मुंबईतल्या मुलांनी जिवंत पेंग्विन पाहिला हेही खरं. पण त्या काचेपाशी पंधरा मिनिटं उभ्या राहा. मुलं विचारतात, "आई, बर्फ कुठाय?" आई म्हणते, "असेल आत," आणि फोटो काढून पुढे सरकते, कारण मागून रेटा असतो. हे हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नव्हेतच. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, म्हणून त्यांना गारवा लागतो, बर्फ नाही. एवढी दोन वाक्यं सांगायला तिथे एखादी आजी उभी असती, तर त्या पोराला पेंग्विन आणि भूगोल दोन्ही मिळाले असते. कोट्यवधी रुपयांचं दालन, आणि दोन वाक्यांची वानवा.

मुलगा ओहायोत होता तेव्हा, २०१४ साली, त्याने आम्हाला सिनसिनाटीचं प्राणिसंग्रहालय दाखवलं. त्याच्या नावातच प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती उद्यान दोन्ही आहेत, आपल्या बागेसारखं. नाताळात तिथे दिव्यांची मोठी रोषणाई असते म्हणे, आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो. तिथे पॅगोडासारखी एक छोटी इमारत आहे. बाहेर माझ्याच वयाची एक बाई उभी होती, गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला. माझं इंग्रजी तर्खडकरांच्या काळातलं, पण तिने सावकाश सांगितलं आणि मला सगळं कळलं. प्रवासी कबूतर नावाचा पक्षी अमेरिकेत अब्जांनी होता. थवा उडाला की आकाश झाकोळायचं. माणसांनी मारून मारून संपवला, आणि शेवटची उरलेली मार्था नावाची मादी या जागी १ सप्टेंबर १९१४ रोजी मेली. बाईने हे सांगितलं आणि ती थांबली. पुढे उपदेश केला नाही. मी विचारलं, तुम्हाला एवढं कसं माहीत? म्हणाली, आधी आम्हाला शिकवतात, मगच लोकांसमोर उभं करतात. त्या दिवशी पाहिलेल्या प्राण्यांतला एकही मला आता धड आठवत नाही. मार्था आठवते, जी मी पाहिलीच नाही.

आपल्याकडे अशी माणसं नाहीत असं नाही. २००७ च्या सुमाराला पालिकेने शेकडो कोटी खर्चून बागेचा कायापालट करायचं ठरवलं, तेव्हा काही बायका पुढे आल्या. त्यांना ही झाडं नावानिशी ठाऊक होती. त्या लिहीत राहिल्या, दारं ठोठावत राहिल्या, लोकांना बागेत नेऊन झाडं दाखवत राहिल्या. ती योजना मूळ रूपात झाली नाही. बागेला २०१२ साली दीडशे वर्षं झाली, तेव्हा त्यांनी बागेवरचं पुस्तकही काढलं. ज्याला झाडाचं नाव माहीत नाही, तो ते तुटताना कशासाठी आडवा येईल? म्हणून मी म्हणते, हा नुसता फावल्या वेळेचा छंद नाही.

मात्र झाडांच्या या फेऱ्यांबद्दल माझी एक तक्रार आहे, आपल्याच लोकांबद्दल आहे म्हणून प्रेमाने करते. मी गेले त्या फेऱ्या सकाळी लवकर निघाल्या, बोलणं बहुतेक इंग्रजीत, आणि आलेले लोक ज्यांना आधीच आवड आहे असे. अकरा वाजता लालबाग, नागपाडा, कुर्ल्याहून डबे घेऊन येणारं कुटुंब, पाच पोरं आणि एक आजोबा, त्यांच्या वाट्याला काय? त्यांच्याशी मराठीत, हिंदीत बोलायला हवं, आणि ते येतात त्या वेळेला. त्यांना फेरी नको असते. एका झाडाखाली टेबल मांडून बसा. एक सुकलेली शेंग, एक फूल, एक भिंग. पोरं आपणहून येतात, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव.

आमच्या सूनबाई म्हणतात, "आई, हे काम पालिकेचं आहे. तुम्ही फुकट केलंत की ते माणसं भरणार नाहीत." तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. माळी, पिंजरा झाडणारे, प्राण्यांचे डॉक्टर ही पगाराचीच माणसं हवीत, पूर्ण संख्येने हवीत, आणि त्यांच्या हातचा झाडू आम्ही घेणार नाही. एका कंपनीची मंडळी एका बागेत श्रमदानाला आलेली मी पाहिली. सारख्या रंगाचे शर्ट, मोठा फलक, अर्ध्या तासात फोटो, आणि त्यांनी लावलेली रोपं पुढच्या महिन्यात माळ्याने पुन्हा नीट लावली. तसलं काही मी सुचवत नाहीये. सांगण्याचं काम वेगळं. त्याला एकाच जागी महिनोन् महिने येणारं माणूस लागतं, आणि असा वेळ मुंबईत फक्त आम्हा म्हाताऱ्यांकडे आहे.

हे आत्ता लिहिण्याला कारण आहे. तारापोरवाला मत्स्यालय, १९५१ चं, इमारत धोकादायक ठरून बंद पडलं. आणि राणीच्या बागेतच नवं मत्स्यालय उभारण्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. म्हणजे माझ्या दोन्ही सहली एकाच फाटकात! मासे मलाही आवडतात. पण पन्नास एकरांत प्रत्येक नव्या आकर्षणाला जागा लागते, रस्ता लागतो, गर्दीसाठी फरसबंदी लागते, आणि मुळांना श्वास घ्यायला माती लागते. काचेच्या टाक्या मुंबईत दुसरीकडे कुठेही बांधता येतील. दीडशे वर्षांची गोरखचिंच दुसरीकडे बांधता येत नाही. निर्णय घेणाऱ्यांना हे कळेल तेव्हा कळेल. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला तरी कळावं.

मी उद्यान विभागाला द्यायला एक अर्ज लिहिला आहे. दोन रविवारांपुरती परवानगी मागितली आहे: एक टेबल, दोन खुर्च्या, जागा सीता अशोकाखाली, वेळ साडेदहा ते एक. शिकवायला एखादा जाणकार द्यावा, एवढीच अट. वन्सं, तुम्ही माझगावला राहता, तुमची सही पहिली. परळच्या शाळेतल्या माझ्या दोन जुन्या सहकारी तयार आहेत, तिसरीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की तीही येईल. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा. बुधवारी बाग बंद असते, म्हणून अर्ज गुरुवारी नेऊन देणार आहे.