काळा कोट आणि कर्जाचा हप्ता

बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुढे सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून टाकलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेलं कर्ज, एवढ्या जुळवाजुळवीवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले.

ही जुळवाजुळव आजही चालूच आहे, म्हणून हा अंक कायद्याच्या शिक्षणाच्या खर्चावर. निकाल लागून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या, की घराघरांत वह्या-पेनं घेऊन हिशेब मांडले जातात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफी २०२४ पासून आहे; पण वसतिगृह, मेस, पुस्तकं? शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रमानंतर वर्षभराने सुरू होते, आणि नेमकं तेव्हा नवा वकील एखाद्या सीनियरकडे तुटपुंज्या मानधनावर तारखा घेत उभा असतो. सनदेचं शुल्क सर्वसाधारण गटासाठी साडेसातशेच्या वर नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावलं, तेवढाच दिलासा.

योजनांच्या याद्या आम्ही मुद्दाम आटोपत्या ठेवल्या आहेत. भर आहे तो पहिल्या तीन वर्षांच्या वकिलीत हप्ता कसा भरायचा यावर. तुम्ही तो कसा भरलात, की अजून भरताय? आकड्यांसकट लिहा, निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.