विक्रम माशाचा की तळ्याचा?

अमेरिकेत गळाने मासे धरण्याचा छंद फार लोकप्रिय आहे. तेथील गोड्या पाण्यात बास नावाचा शिकारी मासा असतो. सर्वांत मोठा बास कोणी पकडला, याची नोंद आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन ही संस्था ठेवते.

२ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील जॉर्ज पेरी या गरीब शेतकरी तरुणाने २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलो वजनाचा बास पकडला. त्या दिवशी पावसामुळे शेतात काम करता येत नव्हते. म्हणून तो मित्राबरोबर मासे धरायला गेला होता. माशाचे वजन झाले आणि मग पेरीच्या घरच्यांनी तो शिजवून खाल्ला! पुढे २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून किंचित जड बास पकडला. पण विक्रम मोडण्यासाठी नवा मासा किमान २ औंसांनी जड हवा, असा नियम आहे. येथे फरक एका औंसाहूनही कमी होता. म्हणून दोघांनाही बरोबरीचा मान मिळाला.

आता अमेरिकेत काही खासगी तळ्यांत बास मुद्दाम मोठे केले जातात. तळ्यात चांगल्या जातीचे मत्स्यबीज सोडतात. बासला खायला दुसरे लहान मासे सोडतात. गर्दी होऊ नये म्हणून छोटे बास काढून टाकतात. अशा तळ्यात विक्रमी मासा मिळाला, तर तो विक्रम मानावा का?

काही जण म्हणतात, "का नाही? मासा गळाला लावून काठावर आणायला कौशल्य लागतेच. शिवाय माणसाचा हात न लागलेले पाणी आता उरले आहे कोठे?" या म्हणण्यात तथ्य आहे. बिवा सरोवरातील बासही मूळचा तेथील नाही. जपानमध्ये हा मासा १९२५ साली अमेरिकेतून आणला गेला. कॅलिफोर्नियातील सार्वजनिक तलावांतही फ्लोरिडाचे बास सोडलेले आहेत.

तरीही मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक तलावावर पेरीसारखा गरीब माणूसही गळ घेऊन जाऊ शकतो. मोठा मासा कोणाच्या गळाला लागेल, हे तेथे कोणालाच ठाऊक नसते. खासगी तळ्यावर मात्र मालक ज्याला परवानगी देईल तोच जातो. तेथे पैसा मासा वाढवतो आणि विक्रमाची संधीही पैसाच देतो.

मग अशा माशाची नोंदच करू नये का? जरूर करावी, पण वेगळ्या यादीत करावी. धावण्याच्या शर्यतीचे उदाहरण घ्या. १०० मीटर धावताना पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल, तर धावपटूची वेळ विक्रम म्हणून धरत नाहीत. पण त्याने शर्यत जिंकली, हे कोणी नाकारत नाही. टेक्सास राज्यातही सार्वजनिक आणि खासगी पाण्यातील माशांचे विक्रम वेगवेगळे नोंदवतात. हीच पद्धत सर्वत्र असावी, असे मला वाटते.

यात कोणाचाही अपमान नाही. मासा वाढवणे हेही कष्टाचे काम आहे. त्याचे श्रेय तळे सांभाळणाऱ्याला द्यावे आणि मासा धरण्याचे श्रेय गळ टाकणाऱ्याला द्यावे. तराजू फक्त वजन सांगतो. तो मासा एवढा मोठा कसा झाला, हे माणसानेच प्रामाणिकपणे सांगायला हवे.