शेऱ्याचा रकाना

जावा भाषेत प्रोग्रामच्या पोटातच टिपा लिहितात, अन् 'जावाडॉक' त्या वाचून माहितीची पानं तयार करतं. '@पॅरम' म्हणजे काय द्यायचं, '@रिटर्न' म्हणजे काय मिळणार. हे त्याचे ठरलेले टॅग. मनानंच '@कारण' लिहिलं तर हल्ली ते अडून बसतं. टॅगचं नाव, तो कुठे चालेल आणि काय शीर्षक छापायचं, हे आधी कळवावं लागतं. ही सोय २००२ पासून आहे. पुण्यातली माझी नात याला कटकट म्हणते. मला ती शिस्त वाटते.

शाळेच्या रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असायचा. गंगाखेडकडची लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जायची. त्यांच्यापुढे 'पालकांच्या विनंतीवरून', अन् बदली झालेल्या साहेबाच्या मुलापुढेही तेच! खरं कुणी लिहिलंच तर शेऱ्यात, ज्याच्या त्याच्या शब्दांत. ऊसतोड, कारखाना, बाहेरगावी... मग उसापायी किती लेकरांची शाळा सुटली, हे मोजणार कसं?

म्हणून '@कारण' हवाच. नियम काय, ते प्रोग्राम वाचून कळेल; तो का केला हे सांगणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो.

पण उगाच भाराभर नकोत. खुद्द जावावाल्यांनी २०१४ च्या जावा ८ मध्ये '@एपीआयनोट' वगैरे तीनच वाढवले, तेही याच सोयीनं. नातीच्या ऑफिसात बारा हवे होते. म्हटलं, बाई, यातलं कोण काय शोधणार आहे ते आधी विचार. सध्या गाडी चारवर आली आहे.