दोन याद्यांतले एक घर

जून लागला की माझ्या दवाखान्यात सर्दी-पडशाच्या रुग्णांबरोबर एक प्रश्नही येऊ लागतो : "डॉक्टर, यंदा पाणी चढेल का हो?" सांगलीत व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न चुकत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे येथील शाळकरी मूलही सांगते. २००५चा पूर पाहिलेल्या मंडळींना वाटत होते, याहून मोठे पाणी आपल्या हयातीत येणार नाही. ऑगस्ट २०१९मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेले.

आज मात्र पाण्याविषयी लिहायचे नाही. पाणी येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्यासाठी तयारी करणाऱ्या माणसांविषयी लिहायचे आहे. महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षातील अधिकारी, अग्निशमन दलाचे जवान, अंगणवाडी सेविका आणि पाळणाघर चालवणाऱ्या ताई ही ती माणसे. आपल्याला त्यांची नावे ठाऊक नसतात. तेवढ्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते आपले नाव त्यांना ठाऊक नसते म्हणून.

माझ्या एका रुग्णाचे घर नदीपासून फार दूर नव्हते. आजोबांना श्वसनविकार होता, दिवसातले बरेच तास प्राणवायू देणारे यंत्र लावावे लागे. आजींचे दोन्ही गुडघे झिजलेले. मुलगा आणि सून कामानिमित्त पुण्याला गेलेले आणि चार वर्षांचा नातू या दोघांच्या स्वाधीन. त्या आठवड्यात कोल्हापूरजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला, वाहतूक थांबली आणि मुलगा-सून तिकडेच अडकले. घरी तळमजल्यात पाणी शिरले, वीज गेली आणि यंत्र थांबले.

दुसऱ्या दिवशी बोट आली. बचावपथकाने खालून विचारले, "घरात किती माणसे?" आजींनी उत्तर दिले, "तिघे." उत्तर खरे होते, पण अपुरे होते. त्यांपैकी एकाला बसून राहणेही कठीण आहे, त्याला खुर्चीसकट खाली आणावे लागेल, हे पथकाला वर आल्यावर समजले. बोटीत तेवढी जागा नव्हती. मुलाला शेजारणीबरोबर पुढे पाठवले आणि आजी-आजोबा दुसऱ्या फेरीत निघाले. पहिली बोट ज्या बाजूला लागली, तेथील लोकांना एका शाळेतील छावणीत नेण्यात आले. आजोबांची अवस्था पाहून दुसऱ्या बोटीतून त्यांना थेट मिरजेच्या रुग्णालयात हलवले गेले. शेजारणीला स्वतःच्या आजारी सासूला घेऊन पुढे जावे लागले, तेव्हा तिने मुलाला छावणीतल्या बायकांजवळ सोपवले. त्याची आजी पाठोपाठ येत आहे, अशीच तिची समजूत होती.

त्या छावणीत मी रुग्ण तपासत होतो. कोपऱ्यात बसलेल्या त्या मुलाला कोणी नाव विचारले की तो "सोनू" म्हणे, आजोबांचे नाव विचारले की "आबा". एरवी घराघरांत पुरणाऱ्या या नावांचा तेथे काही उपयोग नव्हता. लाज वाटते, पण सांगतो : त्या मुलाला मी पूर्वी दोन-तीनदा तरी तपासले होते, तरीही मी त्याला ओळखले नाही. दुपार गेली. संध्याकाळी एक अंगणवाडी सेविका आली. तिचे स्वतःचे घर पाण्यात होते. तिने मुलाकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "हा लाल फाटकाच्या घरातला. पोलिओच्या डोसाला याची आजी घेऊन येते, पायऱ्या चढताना थांबत थांबत येते." मग खांद्यावरच्या पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नोंदवही काढली. घर सोडताना कपड्यांआधी तिने ती उचलली होती. त्या वहीत मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव आणि फोन नंबर होता. रात्री आठच्या सुमारास पुण्याला फोन लागला. रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातवाच्या नावाने टाहो फोडणाऱ्या आजींपर्यंत निरोप पोहोचायला आणखी तासभर गेला.

पूर ओसरल्यावर मी महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात गेलो. खरे तर थोडा रागानेच गेलो होतो. तेथील अधिकाऱ्यांनी मला नकाशा दाखवला. किती फुटांना सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी येते, किती फुटांना कर्नाळ रस्ता बंद होतो, कोयनेतून किती विसर्ग सुरू आहे, बोटी किती, पोहणारे किती, कोणती शाळा उंचावर आहे, सगळे कागदावर होते. ते म्हणाले, "डॉक्टर, गल्लीत पाणी कधी येणार हे आम्हांला ठाऊक असते. कोणत्या दाराआड जिना न उतरू शकणारा माणूस आहे, हे ठाऊक नसते. तुम्हांला ते ठाऊक असते." माझा राग तेथेच संपला. माझ्या भागात प्राणवायूवर कोण आहे, डायलिसिसला कोण जाते, अंथरुणाला कोण खिळले आहे, याची यादी माझ्या टेबलाच्या खणात नव्हे, डोक्यातच होती आणि इतक्या वर्षांत ती कोणाला द्यावी असे मला सुचले नव्हते. आता दर मे महिन्यात, मान्सूनपूर्व बैठकीच्या सुमारास, रुग्णांची लेखी संमती घेऊन ती देतो.

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण नेमले आणि कर्मचारी प्रशिक्षित व साधने सज्ज ठेवण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपवले. आपण गावात राहत असाल तर तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशा कार्यकर्ती, शहरात असाल तर प्रभाग कार्यालय आणि अग्निशमन केंद्र, ही आपली दारे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि सर्व संकटांसाठी ११२. हे आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. मोबाइलमध्ये साठवलेला नंबर मोबाइल बंद पडला की गेला.

आता थोडे अप्रिय बोलतो. आजी-आजोबांनी नातवंडे सांभाळणे ही आपल्याकडची मोठी सोय आहे आणि मोठे सुखही. परंतु पाळणाघराच्या वहीत "संकटसमयी मुलाला कोण नेईल?" या रकान्यात बहुधा आजीचेच नाव असते, कारण आई-वडील नोकरीवर असतात. जी व्यक्ती एका यादीत मदतीला धावून येणारी म्हणून नोंदलेली आहे, तिलाच दुसऱ्या यादीत उचलून न्यावे लागणार असते. या दोन याद्या कधी एकमेकींना भेटत नाहीत. आजी, गुडघाभर पाण्यातून दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन आपण किती पावले चालू शकाल? उत्तर संकोचाने देऊ नका. रकान्यात आपल्याखाली शेजारच्या एखाद्या धडधाकट माणसाचे नाव घाला आणि तसे त्याला सांगूनही ठेवा.

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनाही दोन प्रश्न अवश्य विचारा. न चालणारी तान्ही मुले किती आणि त्यांना उचलणारे हात किती? दुसरा, बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती? तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या गवती छपराला आग लागून ९४ मुले दगावली. त्यानंतर शाळांच्या अग्निसुरक्षेविषयी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले. घरगुती पाळणाघर मात्र बहुधा कोणाच्या तपासणीत येत नाही, तेथे पालकांनी विचारलेला प्रश्न हीच तपासणी. ताईंना राग येईल असे वाटते ना? माझा अनुभव उलट आहे. चांगल्या ताईंना विचारणारे पालक हवेच असतात.

एक कागद तयार करा. घरातील प्रत्येकाचे पूर्ण नाव, वय, मजला, जिना उतरता येतो की नाही, ऐकू येते का, औषधे व त्यांचे प्रमाण, प्राणवायू, इन्सुलिन किंवा डायलिसिस असल्यास वार, आणि दोन फोन नंबर, त्यांतला एक परगावचा. मुलांच्या कागदावर आई-वडिलांची नावे आणि मूल कोणाच्या स्वाधीन करावे हे हवे. एक प्रत सेविकेला वा पाळणाघराला द्या, एक प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत, एक औषधांच्या पिशवीत. पाणी चढू लागले की मुलाच्या खिशातही एक चिठ्ठी घाला.

औषधांविषयी काही गोष्टी. प्राणवायूचे यंत्र विजेवर चालते, म्हणून भरलेला सिलिंडर घरी हवा. पुरवठादार ज्याला ‘बी टाइप’ म्हणतात त्यात सुमारे १,५०० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तो साधारण १२ तास पुरतो. म्हणजे पाणी दारात येईपर्यंत वाट पाहण्याची मुभा आपल्याला नाही. इशारा पातळीलाच निघावे. वीज गेली म्हणून इन्सुलिन फेकून देऊ नका. वापरात असलेली बाटली ३० अंशांखाली बहुधा चार आठवडे टिकते. न उघडलेल्या बाटल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून तो डबा ओल्या मातीच्या मडक्यात ठेवावा. छावणीत जेवणाची वेळ पक्की नसते, तेव्हा मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या सवयीने घेऊन उपाशी बसू नका, साखर घसरून मूर्च्छा येऊ शकते. तेथे भेटणाऱ्या डॉक्टरला विचारा. छावणीत पहिल्या दिवशी केळी वाटली जातात. डायलिसिसच्या रुग्णाने ती खाऊ नयेत, त्यातील पोटॅशियम हृदयाला घातक ठरते. वाटणारा मुलगा प्रेमाने आग्रह करील तरी नको म्हणावे. तान्ह्या मुलाला आईचे दूधच द्या. दान म्हणून येणारी दुधाची पावडर आणि बाटली गढूळ पाण्यात जुलाबाला आमंत्रण देते. पाण्यातून चालून आला असाल आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून त्याच दिवशी तपासणीला या.

ते आजोबा त्या पुरातून वाचले आणि पुढे तीन वर्षांनी आपल्याच घरी, सगळ्यांच्या देखत गेले. नातू यंदा पाचवीत गेला. या जूनमध्ये आजींचा रक्तदाब तपासायला तो बरोबर आला होता. कागद त्यानेच भरला होता. ‘मजला’ या शब्दापुढे त्याने ‘पहिला’ असे लिहिले होते आणि खाली आपल्या मनाने एक ओळ वाढवली होती : "जिन्याला वळण अरुंद आहे, स्ट्रेचर वळत नाही, खुर्ची आणावी."