एकाच सुईनं साऱ्या गावाची डुकरं टोचू नका

भाऊ हो, १६ जून ते १५ ऑगस्ट आपली जाळी बंद. मोहगावात ज्यांच्या घरी दोन-चार डुकरं आहेत, त्यांचा या दोन महिन्यांतला आधार तीच. म्हणून बोलतो.

डुक्कर सुस्त पडलं की दुकानातून बाटली आणायची अन् एकाच सुईनं या घरचं, त्या घरचं टोचत जायचं, हे आम्हाला पटत नाही. आजारी जनावराचं रक्त सुईला लागते आणि रोग आपणच पुढच्या घरी नेतो. सुईची किंमत किती, डुकराची किती? दर डुकराला नवी सुई घ्या. टोचायचं कानामागे मानेत, मांडीत नाही. तिथं गाठ झाली की तेवढं मटण वाया.

दुसरं, स्वाइन फिव्हरची लस निरोगी डुकराला द्यायची असते. ताप चढल्यावर धावपळ करून उपयोग नाही. बर्फाविना मासोळी उतरते, तशीच ही लसही. एकेकट्यानं आणण्यापेक्षा संस्थेनं पशुवैद्यकीय दवाखान्यात एकच अर्ज द्यावा, सगळी डुकरं एका दिवशी टोचून घ्यावी. ज्यांच्याकडे डुकरं आहेत त्यांनी आकडा सचिवांना सांगा, लाजू नका.

आफ्रिकन स्वाइन फिव्हर वेगळा. २०२२ मध्ये आपल्याच राज्यात, रीव्यात, त्यानं कितीतरी डुकरं मेली. त्याच्यावर गावठी इंजेक्शन चालत नाही. एकामागून एक मरू लागली तर विकू नका, धरणात तर मुळीच फेकू नका. आधी डॉक्टरला कळवा, मग चुना घालून खोल पुरा.